बिरमलभावजींची बसकी पिकअप

ज्या माणसाला गाडीतलं काहीही कळत नव्हतं, त्याच्याशी माझा नवरा तासन्‌तास गाडीबद्दल बोलत बसे. मला टायर लांबून बघितला तरी कुठल्या गाडीचा आणि किती झिजलाय ते सांगता येतं. पण मला दिवसभरात ऐकायला मिळे ते 'चहा टाक' आणि 'कुलूप लावलं का'. बिरमलभावजींविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करावी लागेल. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं बारामतीपासून इंदापूरपर्यंत पुष्कळ सापडतील. मी मात्र भावजींचा हेवा केला. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे माणूस फार बारकाईने बघतो, म्हणून मला त्यांच्याविषयी इतरांपेक्षा जास्त माहिती आहे.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आमचं वर्कशॉप बारामतीत भिगवण रोडला होतं. पुढे रस्त्याच्या बाजूला माझं टायर-ट्यूबचं दुकान आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये नवऱ्याचं पाट्यांचं काम. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या, पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या. उसाच्या हंगामात ट्रक आणि ट्रेलरचे पाटे मोडायचेच, त्यामुळे काम भरपूर असे. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत, मीही म्हणे. मिस्त्री कामाला पक्के आणि बोलायला महाग. गिऱ्हाईक विचारी, "मिस्त्री, कधी होईल?" मिस्त्री म्हणत, "झालं की सांगतो." यापेक्षा लांब वाक्य त्यांच्या तोंडून निघालं तर शेजारचा वेल्डर मान वर करून बघे.

एका गुरुवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर एक जुनी पिकअप येऊन थांबली. अमेरिकी बनावटीची, गोल बॉनेटची, रुंद मडगार्डची. कुठल्याशा सरकारी लिलावातून फिरत फिरत आलेली. मूळचा रंग हिरवा असावा, पण वरून कुणी निळा मारलेला आणि तोही उडालेला. तिच्यातून उंच, काटक माणूस उतरला. पांढरा पायजमा, शर्ट, पायात जाड तळाच्या वहाणा. उतरल्यावर तो आधी बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला. मला वाटलं, इंजिन किती तापलंय ते बघतोय. तसं काही नव्हतं. लांबून चालून आलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा तो हात होता.

"मिस्त्री कोन हितं?" त्याने विचारलं.

"आत आहेत. काय काम आहे?" मी म्हणाले.

"ही मागल्या पायानं लंगडती, वैनी."

ओळख ना पाळख, पहिल्याच वाक्याला मी वैनी झाले. हे बिरमलभावजी. वस्ती लोणी देवकरच्या पलीकडे, इंदापूरच्या अंगाला. वडील आणि आजा मेंढरं घेऊन हिंडलेले. यांनी कळप विकून विहीर पाडली होती आणि ऊस लावला होता. मेंढरं गेली तरी बोलणं मेंढरांचंच राहिलं. टायरला ते खूर म्हणत, पाट्यांना गुडघे. गाडी चढावर थांबली की म्हणत, "दम खाऊ द्या तिला."

त्या दिवशी मिस्त्रींनी गाडीखाली सरकून मागचा तुटलेला पाटा दाखवला. इतर कुणीही म्हणालं असतं, बदला आणि मोकळं करा. बिरमलभावजी पायजमा वर खोचून, चक्क मातीत आडवे होऊन मिस्त्रींच्या शेजारी गाडीखाली गेले.

"ह्यो असा वाकडाच का असतो?"

"सरळ असला तर दणका सोसणार न्हाय."

"मंग वाकडा कसा सोसतो?"

आणि मिस्त्री बोलायला लागले. मी काउंटरवर बसून ऐकत होते. गाडीखालून दोन जोड पाय बाहेर आलेले आणि आतून माझ्या नवऱ्याचा आवाज, एकसारखा, खळखळून. त्यांना इतकं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. हे कळायला नको होतं.

दुसऱ्याच गुरुवारी दोघे अरे-तुरेवर आले. मी अजूनही मिस्त्रींना अहो-जाहो करते.

मग दर गुरुवार त्यांचा. बाजार करायचा, नाहीतर नुसतंच यायचं. गाडीला काही झालेलं नसलं तरी यायचं. खुर्ची दिली तर बसत नसत. माझ्या विकाऊ टायरांच्या चळतीवर बसत आणि बुडाखालचा टायर कुठला, हेसुद्धा मिस्त्रींना विचारत. टायर माझे, दुकान माझं, विचारायचं मात्र त्यांना. येताना भिगवणहून उजनीतले चिलापी मासे आणत. पिशवी माझ्या पुढ्यात ठेवून म्हणत, "ताजं हाय वैनी, कालवन करा झकास." मासे मी साफ करायचे, काटे मी काढायचे, आणि कालवण खाताना गप्पा त्या दोघांच्या. तक्रार करावी तर कालवणाचं कौतुक सगळ्यात जास्त बिरमलभावजीच करत. मिस्त्री वाटी पुढे करत, ते त्यांचं कौतुक.

एकदा जेवणं झाल्यावर भांडी आवरता आवरता मी बोलले. म्हटलं, "त्या माणसाशी बोलता त्याच्या पावपटीनं माझ्याशी बोललात तरी घर चालेल."

मिस्त्रींनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तुझ्याशी काय बोलायचं? तुला समदं ठावं असतंय."

हे त्यांनी चांगल्या अर्थानं म्हटलं होतं, त्यामुळे भांडताही येईना.

बिरमलभावजींची दुसरी सवय म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ओलांडून त्यांना जाता येत नसे. हात केला पाहिजे असंही नाही. कुणी नुसतं पिशवी घेऊन उभं असलं तरी पिकअप थांबे. बाजारच्या दिवशी ती बारामतीत शिरे तेव्हा मागच्या हौद्यात बायका, गठुडी, कोंबड्या, कधी एखादा बोकड असं सगळं भरलेलं असे. पुण्याहून एकजण जुन्या गाड्या जमवणारा ही पिकअप मागायला आला होता. चकचकीत करून ठेवीन म्हणाला. बिरमलभावजींनी त्याला चहा पाजला, वस्तीवरून भिगवण स्टेशनपर्यंत त्याच पिकअपमधून सोडलं, आणि गाडी द्यायला नकार दिला. "माजी आय बसती तिच्यात," एवढंच कारण सांगितलं.

त्यांच्या आईला सगळी वस्ती सखुआई म्हणे. बाईचं आयुष्य उघड्यावर गेलेलं. पुढे केबिनमध्ये बसायला ती तयार नसे. पेट्रोलचा वास येतो, काचेतून रान नीट दिसत नाही, अशी तिची कारणं. हौद्यात घोंगडं टाकून ती मागे तोंड करून बसे. पण तिचे गुडघे गेले. पिकअपचा हौदा माझ्या कमरेच्या वर होता. बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला दर थोड्या दिवसांनी आणावं लागे, आणि चढायची वेळ आली की वस्तीवर भांडण ठरलेलं. बिरमलभावजी तिला उचलायला गेले की ती काठी आडवी धरायची.

"जित्या मानसाला उचलत न्हाईत," म्हणायची. "मेल्यावर उचला, चार जनं मिळून."

हे भावजींनी आमच्या शेडमध्ये येऊन सांगितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, हिला खाली बसव."

"आईला?"

"गाडीला रं. आय काय खाली बसायची न्हाय."

मी काउंटरवरून म्हटलं, "स्टूल ठेवा की एक."

"ठिवलं वैनी. तिनं पाय ठिवला, स्टूल हाललं. म्हनली, ह्यात काय राम न्हाय."

"मग दगडी पायरी बांधा वस्तीवर."

"आन हितं दवाखान्यात उतरताना?"

तेही बरोबर होतं. पण खरं कारण वेगळं होतं. गाडी खाली बसवायची म्हटल्यावर दोघांचे डोळे चमकले होते. त्यांना ते करायचंच होतं. स्टुलाने सगळं भागलं असतं तर दोघांनाही वाईट वाटलं असतं.

आमच्याकडे सगळे गाडी उचलून घ्यायला येत. जास्त माल भरता यावा म्हणून पाटे वाढवा, म्हणत. खाली घ्यायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. मिस्त्रींनी आधी सोपं ते केलं. प्रत्येक चाकावरच्या पाट्यांच्या जुडीतून पट्ट्या कमी केल्या, उरलेल्यांची कमान भट्टीत तापवून सपाट केली. मागचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारी आडवी जाड नळी, पाट्यांच्या खाली होता तो वर घेतला. गाडी खाली आली आणि काय देखणी दिसायला लागली ते मलाही कबूल करावं लागतं. रुंद मडगार्ड टायरवर टोपीसारखे बसले. मिस्त्रींनी मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये हात घालून बघितला. हात सहज जात होता. बिरमलभावजींनीही घातला. मग दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मला कुणी हात घालायला बोलावलं नाही.

"चढव आता आयला," मिस्त्री म्हणाले.

पुढच्या गुरुवारी दुपार झाली तरी पिकअप आली नाही. मिस्त्री दर थोड्या वेळाने रस्त्यावर जाऊन बघत होते. मी माहेरी गेले आणि एसटी चुकली तर हा माणूस रस्त्यावर जाऊन बघेल का, असा विचार माझ्या मनात आला. शेवटी गाडी आली ती गोगलगायीच्या चालीने, आणि जळक्या रबराचा वास तिच्याही आधी आला. हौद्यात सखुआई एकटी बसलेली. बिरमलभावजी घामाघूम.

झालं होतं असं. आई स्वतःच्या पायाने चढली. सगळी वस्ती बघायला जमलेली. जमलेली म्हटल्यावर बाजारला येणारी सगळी माणसं हौद्यात बसली. नाही म्हणणं भावजींना येत नव्हतंच. पुढे हायवेला आणखी थांबून आणखी घेतली. मग भिगवणच्या अलीकडे वळणावर मागून धूर निघाला. मागचे टायर मडगार्डला आतून घासून त्यांच्या रबराच्या चिंध्या उडालेल्या, आणि खड्ड्यात ॲक्सल वर उसळून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, आदळत होता. भावजींनी सगळ्यांना उतरवलं. सगळे उतरले, सखुआई उतरली नाही.

"मी पैली चडलीया," ती म्हणाली. "मी का म्हनून उतरू?"

मी टायर बघितले. कामातून गेले होते. मिस्त्री चाकाशी उकिडवे बसले. बिरमलभावजी त्यांच्या शेजारी बसले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चुकलं कुठं आपलं?" 'तुझं' म्हणाले नाहीत. हा माणूस असा होता, आणि मला हेच सहन होत नसे. मी असते तर 'तुमचं' म्हणाले असते, आणि बरोबर तेच असतं.

"रिकामी मोजली तुम्ही," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"हात घालून बघितला तेव्हा हौद्यात कोण होतं? ही गाडी कधी रिकामी चालली आहे का? यांना ओळखता ना तुम्ही? भरल्यावर ती किती बसते, वळल्यावर चाक कुठं जातं, खड्ड्यात किती उसळतं, ते मोजा."

"चालत्या गाडीत मडगार्डच्या आत बगनार कसं?" मिस्त्री म्हणाले. त्यांनी मला विचारलेला हा कदाचित पहिलाच प्रश्न. पण विचारताना बघत होते बिरमलभावजींकडे.

मी घरात गेले आणि भाकरीला नाही, चपातीला मळतात तशी कणीक घट्ट मळून आणली, थोडं तेल जास्त घालून. तिचे लांबट गोळे करून मडगार्डच्या आत, ॲक्सलच्या वर चॅसीला, जिथं जिथं लागेल असं वाटलं तिथं थापले. म्हटलं, आता माणसं भरा आणि चालवा. टायर जिथं जवळ येईल तिथं कणीक चेपेल. किती उरली ते सुईने टोचून बघा.

मिस्त्रींनी मागे त्याच मापाचे दुसरे टायर चढवले आणि गल्लीतली माणसं गोळा केली. शेजारचा वेल्डर, त्याची बायको, रसवंतीवाला, बाजारला आलेले भावजींच्या वस्तीचे लोक, सगळे हौद्यात उभे राहिले. सखुआई मधोमध घोंगड्यावर बसून होती. तिला उतरायला कुणी सांगितलंच नाही. पिकअप हळू रस्त्यावर गेली, पूर्ण वळण घेतलं, गतिरोधकावरून एक बाजू चढवली, दुसरी चढवली, परत आली. लोक उतरले आणि तिघे आम्ही बॅटरी घेऊन आत वाकलो. पुढच्या मडगार्डच्या कडेला कणीक कापली गेली होती. मागे ती कागदासारखी पातळ. चॅसीवर तर उरलीच नव्हती, ॲक्सलनेच ती नेली होती.

मग ठरलं काय करायचं ते. आत वळलेली मडगार्डची कड ठोकून सपाट बसवायची. टायर माझ्या दुकानातले, थोडे अरुंद घालायचे. स्टिअरिंग वळून जिथं अडतं तो बोल्ट थोडा बाहेर काढायचा, म्हणजे चाक शेवटचं वळणार नाही, गाडी फिरायला जरा जास्त जागा लागेल एवढंच. रबरी ठोकळे बसवायचे, म्हणजे ॲक्सल उसळला तरी रबरावर थांबेल. आणि ॲक्सलच्या वर चॅसीला अर्धगोल खाच मारायची, तिच्याभोवती जाड पत्रा जोडून मजबुती द्यायची.

खाच मारायच्या दिवशी बिरमलभावजी आले आणि गॅस कटर पेटल्यावर उठून माझ्या काउंटरपाशी आले. पाठ शेडकडे.

"बघा की जाऊन," मी म्हणाले. "तुम्हाला तर सगळं बघायचं असतं."

"नगं वैनी. कापाकापी बगवत न्हाय."

"मेंढरं कापली नाहीत का कधी?"

"इकली. कापली ती लोकांनी." मग म्हणाले, "तुमी कसं वळखलं कनकेचं? मला सांगा की जरा."

मला सांगावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं, की दरवाजा चौकटीला लागत असला की आमची आई कुठं घासतो ते बघायला अशीच कणीक लावायची. लांबलचक सांगता आलं असतं. ते टायरांच्या चळतीवर बसलेसुद्धा होते, मान एका बाजूला करून. त्या मान करण्यातच काहीतरी होतं. माझ्या लक्षात आलं की मी बोलायला लागले तर थांबणार नाही. मी म्हटलं, "असंच सुचलं," आणि ट्यूबचा खोका उघडला. त्यांचा हेवा करायचा आणि त्यांच्याशीच बोलत बसायचं, हे मला जमणारं नव्हतं.

त्यांनी मात्र सगळीकडे सांगितलं. भिगवणच्या मासेवाल्यांना, डोळ्यांच्या डॉक्टरला, एसटीच्या कंडक्टरला, 'आमच्या वैनीनं कनकेवर गाडी उबी किली'. लोक दुकानात येऊन मला बघून जात. मिस्त्रींनी कधी कुणाजवळ ते सांगितलं नाही. पण पुढे एखादी गाडी आली आणि चाक कुठं घासतंय ते कळेना, की शेडमधून आवाज येई, "मालन, कनीक हाय का मळल्याली?" एवढंच. त्यातून काय समजायचं ते समजा.

काम झालं त्या गुरुवारी सखुआई आमच्या दारात पिकअपमध्ये चढली. मी बाजूला उभी होते. हौद्याचा मागचा फाळका उघडला. तिने काठी आधी आत टाकली, मग हौद्याच्या कडेला दोन्ही हात, मग गुडघा, आणि बुड टेकवलं. एवढं सहज की बघायला काही उरलंच नाही. तिने मागे सरकून घोंगड्यावर बैठक मारली आणि हौद्याच्या पत्र्यावर हात आपटून माझ्याकडे बघितलं.

"ये की. बस."

मी बसले. गाडी भरली तरी घासते का ते बघायचं होतं. बाजारची माणसं चढली, गठुडी चढली, आणि आम्ही भिगवणच्या रस्त्याला लागलो. चाकांकडे माझा कान होता. खड्डा आला, ॲक्सल रबरावर बसल्याचा मऊ दणका आला, घासलं काहीच नाही. सखुआई मागे पळणाऱ्या रानाकडे बघत होती. मी मान वळवली तर केबिनच्या मागच्या काचेतून ते दोघे दिसत होते. बिरमलभावजी एका हाताने चालवत काहीतरी विचारत होते आणि मिस्त्री दोन्ही हातांनी हवेत पाट्यांची कमान करून दाखवत होते. हसत होते.

"लई बोलत्यात दोगं," सखुआई म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले.

"घरला आलं की दगड. माझा बिरमल. एक शबुद न्हाय."

याची मला कल्पना नव्हती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वर्षा-दीड वर्षाने सखुआई गेली. आम्ही वस्तीवर भेटायला गेलो. भावजी शांत होते. मिस्त्रींच्या शेजारी बसून राहिले. दोघे काहीही बोलले नाहीत आणि तेसुद्धा दोघांनी मिळून.

त्यानंतर पाऊस संपल्यावर ते पिकअप घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्री, आता हिला उचल. पयल्यासारकी कर."

मिस्त्री पाना घेऊन उभे होते. "का?"

"वस्तीवरचा रस्ता तुला ठावं हाय. चिखलात पोट घासतंय. डाळिंबाच्या पेट्या टाकल्या की जागचं हालत न्हाय. आय व्हती तवर चालवून घेतलं."

बोलणं अगदी रास्त होतं. पण मिस्त्रींनी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं. त्या खाचेभोवतीचं जोडकाम पाहायला पुण्याचे लोक येऊन गेले होते. आणि आता तेच उलटं करायचं.

"एकदा खाच मारल्याली चॅसी," मिस्त्री म्हणाले, "पयल्यासारकी हुत न्हाय."

"खाच राहू दे की. नुसती उचल."

"न्हाय हुयाचं."

होत होतं. ते करता येतं, हे मला ठाऊक होतं. ॲक्सल परत पाट्यांच्या खाली घ्यायचा, पट्ट्या वाढवायच्या, दोन दिवसांचं काम. मी काउंटरवरून तोंड उघडलं होतं. मग मिस्त्रींकडे बघितलं आणि मिटलं. ते माझ्या नवऱ्याचं काम होतं आणि नकारही त्यांचाच.

बिरमलभावजींनी का म्हणून विचारलं नाही. ज्या माणसाने मिस्त्रींना जगातली प्रत्येक गोष्ट का म्हणून विचारली, त्याने ही एक विचारली नाही. चहा घेतला, कप पालथा घातला, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

मला माझे गुरुवार परत मिळाले. मासे साफ करायचे नाहीत, टायरांची चळत रिकामी, दुपारी मिस्त्री आणि मी समोरासमोर जेवायला. ते वाटी पुढे करत, मी वाढत असे.

बिरमलभावजींना मी शेवटचं पाहिलं ते त्या उन्हाळ्यात. इंदापूरला आमच्या नात्यात लग्न होतं. एसटीने निघालो. भिगवणला गाडी हायवेवर थांबली, लोक उतरून वडापाव घेऊ लागले. मी खिडकीशी होते. रस्त्याच्या पलीकडे एक नवं गॅरेज झालं होतं, नुसती चार खांबांवरची शेड, आणि शेडसमोर ती पिकअप उभी होती. उंच. मडगार्ड आणि टायर यांच्यात इतकी जागा की मांजर निवांत बसलं असतं. पलीकडे जुन्या टायरवर बिरमलभावजी बसलेले, मान एका बाजूला. त्यांच्या पुढे एक तरुण मेकॅनिक उभा होता, हातातला पाना विसरून, हात हलवून हलवून त्यांना काहीतरी समजावून सांगत होता.

मिस्त्री माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. त्यांनी बराच वेळ बघितलं. मी हाक मारू का, असं विचारायला वळले आणि त्यांचा चेहरा बघितला. तो चेहरा मला अनोळखी नव्हता. काउंटरच्या आरशात मी तो दर गुरुवारी माझ्याच तोंडावर बघत आले होते.

हाक मारली नाही. एसटी सुटली. भावजींनी वर बघितलं असेल, नसेल, मला दिसलं नाही, मध्ये एक उसाचा ट्रॅक्टर आला.

"पाटे भाईरून तयार आनून घातल्यात," मिस्त्री म्हणाले. "कमान बग की कशी हाय. त्या पोराला काय कळतंय? मागचं बुड वर आन पुडचं खाली. खड्ड्यात नाक आपटंल तिचं. आन बिरमल तसाच, समोरचा काय सांगंल ते ऐकून घेनार. त्येला कोन सांगनार..."

ते थांबले नाहीत. लोणी देवकर गेलं, वस्तीकडे वळणारा फाटा गेला, मिस्त्री बोलतच होते. कमान किती हवी होती, पट्ट्या कुठल्या, खाच भरायची झाली तर कशी भरावी, बिरमलला पावसाळ्यात काय त्रास होईल, तो गाडी कशी चालवतो, कुठल्या खड्ड्यात वेग कमी करत नाही. इंदापूरच्या स्टँडात गाडी शिरली तरी वाक्य संपलं नव्हतं. आमच्या सगळ्या संसारात ते माझ्याशी सलग इतकं कधी बोलले नव्हते, आणि त्यातला एकूण एक शब्द बिरमलभावजींविषयी होता.